कात्रीने दिलेला हिवाळा

तुमच्या पेल्यात शेनिन ब्लाँ आहे. ही जात फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. ज्याच्यावर तिचे कलम बांधले, तो डॉगरिज खुंट टेक्सासच्या रानातला. बाटलीवर मात्र ‘नाशिक’ लिहिले आहे, आणि सोबतचा माहीतगार मित्र पेला हलवत सांगतो की या वाइनला नाशिकची चव आहे. वेल परकी, मूळ परके, बनवायची रीतही परकी. मग हिच्यात नाशिक नेमके कुठे बसले आहे?

पेला खाली ठेवा. हे बसल्या जागी कळणारे नाही. त्यासाठी दोन हजार वर्षे मागे जायचे आणि एकेक मुक्काम करत परत यायचे. वाटेत बघता येईल, चाखता येईल, कुणाशी दोन शब्द बोलता येतील. बदलता मात्र काही येणार नाही.

भरुकच्छ, इसवी सनाचे पहिले शतक

पावसाचा जोर ओसरला आहे. तुम्ही नर्मदेच्या मुखाशी उभे आहात आणि भरतीचे पाणी गर्जना करत आत घुसते आहे. राजाच्या चाकरीतले कोळी लांब होड्या घेऊन पुढे जातात, परदेशी जहाजाला दोर बांधतात आणि वाळूचे दांडे चुकवत त्याला बंदराकडे ओढत आणतात. हे जहाज जुलैमध्ये इजिप्तहून निघाले होते. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने त्याला इथवर आणून सोडले.

धक्क्यावर माल उतरतो. दोन कानांचे, बुडाशी निमुळते होत गेलेले मातीचे उंच कुंभ. एकाचे तोंड जरा सैल झाले आहे. तिथून राळेचा आणि आंबूस फळाचा मिश्र वास येतो. गिऱ्हाईक वाकून वास घेते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘कुठली?’ कशी आहे, कितीला आहे, हे सगळे नंतर.

हे बंदर आणि त्याची बाजारपेठ एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण ‘पेरिप्लस’ या नावाने त्याची सागरी मार्गदर्शिका टिकली. तिच्यात भरुकच्छला येणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि तिचा पसंतीक्रमही आहे. आधी इटलीची, मग सीरियातल्या लाओदिकियाची आणि अरबस्तानची. त्याच मार्गदर्शिकेत दख्खनमधून बंदराकडे येणारा मालही नोंदला आहे. पैठणहून वीस दिवसांची वाट तुडवत गाड्या येतात त्या अकीकाच्या, तेरहून येते ते कापड. गोदाकाठाहून वाइन आल्याची नोंद नाही.

वाइनला गावाचे नाव लावायची रीत काही ग्रीकांचीच मक्तेदारी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याची ओळख त्याच्या देशावरूनच करून दिली आहे: कापिशीचे ते कापिशायन. ही कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामचा परिसर. म्हणजे भारतीय उपखंडाला वाइन ठाऊक होती, तिच्यावर गावाचा शिक्का असतो हेही ठाऊक होते. फक्त तो शिक्का आपल्या गावाचा नव्हता.

दौलताबाद, 1340चे दशक

आता तेराशे वर्षे पुढे या. देवगिरीचा कातळ तोच, नाव बदललेले. मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणल्याला दीडेक दशक झाले आहे. ती पुन्हा दिल्लीला गेली, तरी शहर गजबजलेले आहे. बाजारात एक मगरबी पाहुणा फिरतो आहे. मोरोक्कोतल्या तंजा शहरचा, दिल्लीत काझी म्हणून नोकरी केलेला, आता सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला. इब्न बतूता त्याचे नाव.

एका फळवाल्यापाशी तो थबकतो. तुम्हीही थांबा. केळीच्या पानावर द्राक्षांचे घोस आहेत, शेजारी डाळिंबे. एक मणी तोंडात टाका. साल जाड आहे, बी दाताखाली येते, गोडीबरोबर जिभेच्या कडांना आंबटपणा झोंबतो. इब्न बतूताला द्राक्षांचे अप्रूप नाही. अर्ध्या जगाची द्राक्षे त्याने चाखली आहेत. त्याला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे, आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याने तेवढेच नोंदले आहे: इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात.

दोनदा! या एका नोंदीत तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिथे शरद ऋतूत तिची पाने गळतात, काडी वाळकी दिसते आणि वेल गोठलेल्या महिन्यांत झोपून राहते. वसंतात डोळे फुटतात, उन्हाळ्याच्या शेवटी फळ पिकते. वर्षाला एक झोप, एक पीक. दख्खनमध्ये तिला झोपवील अशी थंडी पडत नाही. वेलीला थांबायचे कारणच उरत नाही आणि ती वाढत राहते. बाहेरून आलेल्या पाहुणीला इथल्या हवेने पहिला धक्का दिला तो हा. पुढे इथल्या माणसांनी त्याचे काय केले ते आपण बघणार आहोत.

इब्न बतूता नंदुरबारच्या वाटेला लागतो. तुम्ही मात्र मध्येच एक लांबचे वळण घ्या.

दिजाँ, 1395

बर्गंडीची राजधानी, जुलै संपतो आहे. ड्यूक फिलिपचा हुकूम वाचून दाखवला जातोय आणि समोर उभ्या शेतकऱ्यांचे चेहरे उतरत चालले आहेत. हुकूम असा की गामे जातीच्या सगळ्या वेली महिन्याभरात उपटून टाका. ती जात हलकी, दगाबाज. बर्गंडीच्या नावाला तिच्यामुळे बट्टा लागतो. लावायची ती पिनो. बागेत खत घालायलाही मनाई, कारण खताने माल वाढतो आणि चव पातळ होते.

गर्दीतल्या एखाद्याच्या शेजारी उभे राहिलात तर त्याची कुरकुर ऐकू येईल. प्लेगच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली, कामाला माणूस मिळत नाही, आणि गामे लवकर पिकते, भरघोस येते. पिनो नाजूक, कमी येणारी. ड्यूकला नाव हवे आहे, शेतकऱ्याला भाकरी.

आज जगातला कुणीही वाइनचा जाणकार बर्गंडीचे नाव निघाले की मातीबद्दल बोलू लागतो: या उतारावरची चुनखडी, त्या उतारावरची चिकणमाती, शेजारच्या दोन वाफ्यांत पडणारा फरक. ते खरेही आहे. पण त्या मातीत कुठली वेल बोलणार, हे मातीने ठरवलेले नव्हते. एका सत्ताधीशाने बाजार डोळ्यांपुढे ठेवून ते ठरवले आणि शेतकऱ्यांनी काही पोटाला चिमटा घेऊन, काही हुकूम चुकवून ते निभावले. पिढ्या उलटल्यावर तो निर्णयच तिथला निसर्ग वाटू लागला. हे ध्यानात ठेवा. नाशिकला उपयोगी पडेल.

ओझर, 1925च्या आसपासचा एप्रिल

ऊन टाळू भाजते आहे. इथे अजून विमानांचा कारखाना नाही, धावपट्टी नाही, चौपदरी महामार्ग नाही. मोट कुरकुरते आहे आणि पाटाचे पाणी बागेत शिरते आहे. याच ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली, आणि नाशिकच्या आधुनिक द्राक्षशेतीची सुरुवात तिथून मानतात. वेली तारेवर नाहीत, जिवंत पांगाऱ्यांच्या आधाराने उभ्या आहेत. त्या काळच्या जातींची नावे आज म्हाताऱ्यांनाच आठवतील: भोकरी, फकडी, पांढरी साहेबी.

बागेतला माणूस जे करतो आहे ते बघून तुम्ही चरकता. वेल हिरवीगार आहे, पानांनी भरलेली, आणि हा पठ्ठ्या भर उन्हात ती खरडून काढतो आहे. हातभर लांबीच्या काड्या तळाशी एक-दोन डोळे ठेवून कापल्या जातात. बघता बघता ओळ बोडकी होते. छाटलेल्या तोंडातून पाणी ठिबकते.

‘अहो, चांगली वेल का मोडता?’ तुम्ही विचारता.

‘पाव्हणं, मोडत नाही. थांबवतोय,’ तो मान वर न करता म्हणतो. ‘हिला आपण थांबवलं नाही तर ही आपापली कधी थांबायची? नुसता पाला वाढवत बसंल.’

हीच खरड छाटणी. एप्रिलच्या उन्हात फुटलेल्या नव्या काड्यांमध्ये, डोळ्यांच्या आत, पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. त्याला कडक ऊन लागते. पावसाळाभर काडी पिकत राहते. मग पाऊस सरला की ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी छाटणी, गोडी छाटणी. तेव्हा घडाचा डोळा नेमका हेरून त्याच्या वर कात्री लावायची. चार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, फळ हाती. एप्रिलच्या छाटणीवरही फळ धरता येते, पण ते पिकायला येते ऐन पावसात. गोडी भरत नाही, मणी तडकतात, सडतात. म्हणून वेल दोनदा द्यायला तयार असताना इथल्या शेतकऱ्याने तिच्याकडून एकदाच घ्यायचे ठरवले. दोन छाटण्या, एक पीक.

इब्न बतूताने जे नवल म्हणून नोंदले, त्याला इथे शिस्त लागली आहे. ल्वारकाठी वेलीला थंडी झोपवते. नाशिकला तो हिवाळा माणसाला कात्रीने द्यावा लागतो, तोही एप्रिलमध्ये. युरोपातल्या कुठल्याही बागाईतदाराला हे चमत्कारिक वाटेल. इथल्या पोराला ते वयाच्या दहाव्या वर्षी कळते.

माल टोपल्यांत भरून कसबे सुकेण्याच्या स्टेशनाकडे निघतो आणि तिथून मुंबईला. ही द्राक्षे खायची आहेत. वाइनचे नाव अजून कुणी काढलेले नाही, आणि चोवीस वर्षांनी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा येईल तेव्हा ते काढायची सोयही राहणार नाही.

नारायणगाव, 1980च्या दशकाचा मध्य

गुढीपाडवा तोंडावर आला आहे आणि गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या आहेत. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला आलेत. बाकड्यावर चहा, भिंतीवर पोस्टर, भावावरून घासाघीस. या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते इथल्या फडांमुळे. विठाबाई नारायणगावकर: कलावंताने गाव आडनावासारखे मिरवले आणि गावाला मोठे केले.

त्याच शिवारात एक वेगळाच कारखाना चालू झाला आहे. उद्योजक शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हायडसिक या शॅम्पेन घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेऊन फेसाळ वाइन बनवायला घेतली आहे. आत या. उन्हातून आल्यावर इथला गारवा अंगावर येतो. लाकडी मांडण्यांत बाटल्या तोंड खाली करून तिरक्या खोचलेल्या आहेत. एक कामगार दोन्ही हातांनी दोन-दोन बाटल्या धरून त्यांना किंचित पीळ देत ओळीने पुढे सरकतो. रोज थोडा पीळ, म्हणजे आतला यीस्टचा गाळ हळूहळू मानेत येऊन बसतो. मग मान गोठवायची, बूच काढायचे, गाळाची गोळी दाबाने उडून जाते. पद्धत अस्सल शॅम्पेनची, हात जुन्नर तालुक्यातले.

आता बाटली फिरवून नाव वाचा: ‘ओमर खय्याम’. ती इंग्लंडपर्यंत विकली जाते. रीत फ्रान्सची, नाव निशापूरच्या कवीचे, नारायणगाव बारीक अक्षरांत. तमाशाच्या राहुटीत गावाचे नाव विकले जात होते, इथे ते झाकून ठेवायचे आहे. कारण परदेशातल्या गिऱ्हाइकाला महाराष्ट्रातली वाइन ही कल्पनाच पटणार नाही, आणि देशातल्या गिऱ्हाइकाला तर वाइन म्हणजे औषधासारखी गोड काहीतरी वाटते. ओळख अंगावर बाळगायला आधी पत लागते.

गंगापूर, 2000

नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाचे पाणी चमकते आहे. काठावरच्या जमिनीत तारांवर बारक्या घडांच्या वेली आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकून सिलिकॉन व्हॅलीतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी कुटुंबाच्या इथल्या जमिनीत सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावल्या. सल्ल्याला कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की. कंपनीला आईच्या नावावरून ‘सुला’ नाव दिले आणि यंदा पहिली वाइन बाजारात जाते आहे.

कुंपणाशी शेजारचे दोन शेतकरी उभे आहेत. त्यांच्या नजरेतला अविश्वास तुम्हाला वाचता येतो. तोवर नाशिक ओझरच्या भोकरीवरून थॉमसन सीडलेसवर आणि तासगावच्या शिवारात सापडलेल्या तास-ए-गणेशवर येऊन स्थिरावले आहे. बिनबियांचा लांबट मणी, पातळ साल, जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवून फुगवलेला घड, एकराला दहा टनांच्या वर माल. आणि हा गृहस्थ बियांची, जाड सालीची, बोटाच्या पेराएवढीही नसलेली द्राक्षे वाढवतो आहे, वर एकरी चार-पाच टनांवर समाधान मानायला सांगतो आहे. दिजाँचा तो ड्यूक आठवला ना? तोच झगडा, सहाशे वर्षांनी, गंगापूर धरणाच्या काठावर. फरक इतका की इथे हुकूम नव्हता. पटवून द्यायचे होते आणि करार करायचा होता.

पण एका बाबतीत कॅलिफोर्नियाच्या तज्ज्ञालाच विद्यार्थी व्हावे लागले. त्याच्या वेळापत्रकात छाटणी हिवाळ्यात एकदा. इथे ते चालणार नव्हते. एप्रिलची खरड आणि पाऊस सरतानाची फळछाटणी, ओझरच्या बागेतल्या माणसाची ती शिस्त, फ्रेंच वेलीला जशीच्या तशी लागू झाली. ल्वारकाठी सप्टेंबरात शेनिन तोडली जाते, तेव्हा नाशिकला तिच्या डोळ्यावर कात्री चालते. तिथे वाइन पिंपात मुरत असते, तेव्हा इथे मण्यात पाणी उतरत असते.

आणि चव नेमकी इथे ठरते. युरोपात द्राक्ष पिकते ते उन्हाळा उतरत असताना. दिवस लहान होतात, रात्री गार, फळातली आम्लता सावकाश कमी होते. नाशिकला ते पिकते उन्हाळा चढत असताना. जानेवारीची थंडी फळाला सांभाळते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आहे, त्यामुळे दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानातले अंतर मोठे. पण फेब्रुवारी पुढे सरकला की पारा रोज वर जातो, साखर भराभर चढते आणि आंबटपणा निसटू लागतो. दोन-चार दिवस उशीर झाला की वाइन गुळमट. म्हणून इथे आम्लता धरून ठेवणाऱ्या शेनिनसारख्या जाती रुजल्या. तुमच्या पेल्यातला तो तरतरीत आंबटपणा म्हणजे उन्हाळ्याच्या आधी गाठलेली वेळ.

निफाड, 2009-10चा उन्हाळा

मधली वर्षे झपाट्याने गेली. 2001मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी शिराज, काबर्ने, सोविन्यों लावली. मग 2008 आले. जगात मंदी, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला, हॉटेले रिकामी, टाक्या भरलेल्या. एका मोठ्या कंपनीचा डोलारा कोसळला, अनेकांनी करारातला माल उचललाच नाही.

बांधावर उपटलेल्या वेलींचा ढीग आहे. शेतकरी बोलायच्या मनःस्थितीत नाही. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन उपयोग नाही; बारीक, बियांचे, कोण खाणार? खायच्या द्राक्षाला निदान बेदाण्याचा तरी आसरा असतो. तीन वर्षे वाट बघून वेल उत्पन्नाला आली आणि गिऱ्हाईक गायब झाले. तो पुन्हा थॉमसनकडे वळणार आहे.

प्रदेशाच्या ओळखीच्या गोष्टी सांगताना हा ढीग सहसा वगळतात. वाइनचे नाव टिकवायचे तर तोट्याचा वाटा कुणी उचलायचा, हा प्रश्न बर्गंडीत होता, नाशिकलाही आहे. जे टिकले ते या धक्क्यातून शहाणे होऊन टिकले. याच सुमाराला ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि लेबलांवरची नावे बदलू लागली होती. ‘ओमर खय्याम’ ते ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराज’: वीसेक वर्षांत झाकलेले गाव बाटलीच्या दर्शनी भागावर आले. पलीकडे सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या अकलूजला, मोहिते-पाटील घराण्याने इटालियन भागीदारांबरोबर सांजोव्हेझे लावली. त्या वाइनला आता कुणी नाशिकची म्हणणार नाही; अकलूजचे ऊन वेगळे, पाणी वेगळे.

दिंडोरी तालुका, अलीकडच्या एका जानेवारीत

पहाटेचे चार. श्वासाची वाफ दिसते. पलीकडे निफाडकडे पारा इतका खाली जातो की शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात आणि मणी तडकू नयेत म्हणून पहाटे पाणी सोडतात. इथे कपाळावर दिवे बांधलेल्या बाया ओळीने काम करतात. बहुतेक जणी सुरगाणा-पेठेकडच्या. भाताचे काम संपले की हंगामाला या बाजूला येतात. एक घड धरायचा, देठावर कात्री, सडका मणी चिमटीने काढून टाकायचा, घड क्रेटमध्ये. रसाने बोटे चिकट झाली आहेत, थंडीने बधिरही. बोलणे कोकणा बोलीत चालले आहे, मध्येच हसू फुटते.

एक मणी तोडून चाखा. आधी गोडी, लगेच आंबट धार, साल चावल्यावर किंचित तुरटपणा. बी थुंकून हातावर घ्या: तपकिरी, दाताखाली कुरकुरीत. फळ तयार आहे. ऊन वर यायच्या आत क्रेट वायनरीत पोचले पाहिजेत, नाहीतर आंबायची प्रक्रिया वाटेतच सुरू होईल.

बागेचा मालक टेम्पोपाशी उभा आहे. गळ्यात तुळशीची माळ. तुम्ही विचारता, ‘काका, तुमच्या द्राक्षाची वाइन चाखलीत का कधी?’

तो हसतो. ‘आपण माळकरी. पिकवायचं काम आपलं. वजन नीट झालं, पैसे वेळेवर आले, की आपल्याला गोड लागली म्हणायची.’

आणि आज

प्रवास संपला, आता बोलू.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू द्यायचे ठरवले. शेतकऱ्याच्या मालाला उठाव मिळेल, हे कारण दिले गेले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवले, आणि निर्णय अडकून पडला. देशातली बहुतांश वाइन बनवणाऱ्या राज्यात 1949चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. हा विरोधाभास म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तोही या प्रदेशाचाच गुण आहे. रविवारी सकाळी नाशिककर सहकुटुंब द्राक्षाच्या मांडवाखाली जातो तो मिसळ खायला. वाइनच्या चाखणी-खोलीच्या बाल्कनीत बसलेली गर्दी बव्हंशी मुंबई-पुण्याची असते.

बर्गंडीत, टस्कनीत गावची वाइन गावच्या जेवणासोबत वाढली. ताटाने वाइन घडवली आणि वाइनने ताट. इथे तसे झालेले नाही, आणि लवकर होईल अशी चिन्हे नाहीत. म्हणून नाशिकची ओळख खोटी ठरते का? प्रवास करून आल्यावर तुम्हाला तसे वाटू नये. वेल, खुंट, टाकी, तज्ज्ञ, नावे, सगळे बाहेरून आले. एक गोष्ट कुठूनही आणता आली नाही आणि कुठे नेताही येणार नाही: न झोपणाऱ्या वेलीला एप्रिलमध्ये झोपवायचे आणि पाऊस सरताना उठवायचे ज्ञान. पेल्यातले नाशिक तिथे बसले आहे.

म्हणून लेबलावर गावाचे नाव आले एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. मानांकनाचा मान कंपनीकडे, पर्यटनाचा पैसा रिसॉर्टकडे आणि गारपिटीचा, उठाव पडल्याचा धोका शेतकऱ्याकडे, अशी वाटणी राहिली तर 2009चे ढीग पुन्हा दिसतील. उपटलेल्या वेलीबरोबर कात्री चालवणारा हातही बाग सोडतो, आणि तो गेला तर टेक्सासच्या खुंटावरची फ्रेंच वेल नाशिकची राहत नाही. माळकऱ्याने वाढवलेली, सुरगाण्याच्या बायांनी तोडलेली, दारूबंदीच्या राज्यात बनलेली वाइन दुसऱ्या कुठल्या मुलखाची असूच शकत नाही. तिला बर्गंडीची नक्कल करायची गरज नाही. तिच्या बाटलीचा भाव ठरवताना या सगळ्या हातांचा वाटा धरला गेला, तर नाशिक हे नाव तिला खरोखर शोभेल.